‘द ट्रेटर्स’चा किल्ला लेगोत: अख्खी वास्तू छोट्या मापात, की गोलमेजाची खोली मिनीफिगरच्या मापात?

‘द ट्रेटर्स’ हा रिअ‍ॅलिटी शो: खेळाडूंमध्ये काही छुपे गद्दार असतात आणि बाकीच्यांनी त्यांना ओळखून बाहेर काढायचं असतं. त्याची ब्रिटिश आवृत्ती बीबीसीवर नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचं चित्रीकरण स्कॉटलंडच्या हायलँड्समधल्या आर्ड्रॉस कॅसलमध्ये होतं, आणि अमेरिकन आवृत्तीचंही तिथेच. आपण ज्याला किल्ला म्हणतो तसा हा लढाऊ किल्ला नाही. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश बॅरोनियल शैलीत उभा राहिलेला तो आलिशान वाडा आहे. उतरती काळसर छपरं, कोपऱ्यांवर लटकते गोल बुरूज आणि फिकट, पिवळसर-करडा दगड. ठोकळ्यांत उतरवायला ही शैली फार छान. पण माप आधी ठरवावं लागतं, कारण ते मधेच बदलता येत नाही.

आकडे पाहा. मिनीफिगर, म्हणजे लेगोचा छोटा माणूस, साधारण ४ सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे माप जवळपास १:४३. या मापात ४० मीटर लांबीची इमारत ९३ सेंटिमीटर होते. ठोकळ्यावरच्या गोल उंचवट्याला स्टड म्हणतात. एका स्टडला ८ मिलिमीटर जागा, म्हणजे ११६ स्टड. ४ मीटर उंचीच्या एका मजल्याला ९.६ मिलिमीटरचे जवळपास १० ठोकळे. तीच इमारत १:२०० मापात २० सेंटिमीटर, म्हणजे २५ स्टड, आणि मजला जेमतेम २ ठोकळ्यांचा. पहिल्या मॉडेलला आख्खं टेबल लागेल, दुसरं पुस्तकांच्या कप्प्यात बसेल.

आधी गोलमेज, मग भिंती

या खेळाचा जीव गोलमेजात आहे. तिथेच आरोप होतात, तिथेच हकालपट्टी होते. म्हणून मिनीफिगरच्या मापात काम करणार असाल तर नकाशा बाहेरून आत काढू नका. टेबल मांडा, त्याभोवती खोली, खोलीभोवती इमारत.

ब्रिटनच्या पहिल्या मोसमात २२ खेळाडू होते. प्रत्येक खुर्चीला ३ स्टड धरले तर ६६ स्टडचा परिघ आणि २१ स्टडचा व्यास होतो. मागे जायला वाट आणि भिंती धरून खोली २८ स्टडची. एका खोलीनेच सारी जागा खाल्ली, मॉडेलचा बाकी भाग तिच्यापुढे खुजा दिसतो. आमचं स्पष्ट मत: २२ चा हट्ट सोडा, १२ खुर्च्या घ्या.

बाराच का, तर त्या चौकोनी जाळीवर जवळजवळ अचूक वर्तुळात बसतात. टेबलाचा मध्य शून्य धरा. उजवी-डावीकडे आणि वर-खाली ६ स्टडवर चार खुर्च्या. उरलेल्या आठ (५, ३) आणि (३, ५) या अंतरांवर, चारही कोपऱ्यांकडे. पहिल्या चारांचं मध्यापासून अंतर ६ स्टड, बाकीच्यांचं ५.८३, हा फरक डोळ्यांना कळत नाही. प्रत्येक जागी मधोमध एकच स्टड असलेली २×२ जम्पर प्लेट (प्लेट म्हणजे पातळ ठोकळा) लावा, भाग क्रमांक ८७५८०. खुर्चीच्या तळाला साधी २×२ प्लेट ठेवा. तिच्या खालच्या नळीत जम्परचा स्टड घट्ट बसतो आणि खुर्ची हव्या त्या कोनात टेबलाकडे वळते. वळवताना खुर्च्या एकमेकींना अडत नाहीत: २×२ चा कोपरा मध्यापासून १.४१ स्टडवर असतो आणि सर्वांत जवळच्या दोन खुर्च्यांमध्ये २.८३ स्टडचं अंतर आहे. मधे ८×८ चं गोल टेबल २×२ गोल ठोकळ्यांच्या एकाच खांबावर. चार पाय दिलेत की मिनीफिगरचे गुडघे अडकतात. खोली आतून १६×१६ ची होते, बाहेरून १८×१८.

एवढी एक खोली, वर गद्दार रात्री झगे घालून भेटतात तो बुरूज, आणि एका भिंतीवर बिनस्टडच्या गुळगुळीत २×२ टाइल्सवर खेळाडूंची चित्रं. मिनीफिगरच्या मापात इतकंच करावं असं आम्ही सुचवतो. आख्खा वाडा याच मापात, अगदी आक्रसून करायचा तरी ठोकळे किती लागतात ते मोजा: ४८×२४ चा पाया, मागची बाजू उघडी, दोन मजल्यांचे १८ थर. भिंतीची लांबी ९६ स्टड, म्हणजे १,७२८ स्टडभर भिंत. सगळे १×४ वापरले तरी ४३२ ठोकळे, आणि यात अजून छप्पर, फरशा, बुरूज आलेले नाहीत.

बुरूज कुठे तुटतो

लटकता बुरूज हे या शैलीचं वैशिष्ट्य आणि मॉडेलचं सर्वांत नाजूक ठिकाण. मोठ्या मापात चार २×२ पाव-गोल ठोकळ्यांचं ४×४ कडं रचतात, खाली ४×४ ची उलटी डिश, वर ४×४×२ चा शंकू, त्यावर २×२×२ चा आणि टोकाला १×१ चा. फक्त छप्पर पाच ठोकळे उंच होतं आणि ते सगळं ओझं भिंतीच्या कोपऱ्यातल्या दोन-तीन स्टडवर येतं. मॉडेल उचललं की बुरूज हातात येतो. त्यावर उपाय म्हणून दर तिसऱ्या थराला बुरजातून भिंतीत किमान चार स्टड आत जाणारी प्लेट घाला.

छोट्या मापात हाच बुरूज १×१ च्या तीन गोल ठोकळ्यांचा आणि एका शंकूचा. तुटत नाही, पण वाकडा होतो, कारण प्रत्येक सांध्यात किंचित ढिलाई असते आणि ती वर वर साठत जाते. खुल्या स्टडचे गोल ठोकळे घेऊन त्यांतून चार स्टड लांबीची काडी आरपार घातली की बुरूज सरळ राहतो.

छप्पर आणि दगड

स्कॉटिश छपरांचा उतार ४५ अंशांपेक्षा तीव्र असतो. नेहमीचे ४५ अंशांचे तयार उताराचे ठोकळे वापरले तर छप्पर बसकं दिसतं. त्यापेक्षा प्लेट-टाइलचं पान करून ते बिजागरीच्या प्लेटवर तिरकं टेकवा. मग दोन्ही टोकांना त्रिकोणी फट उरते. इथे स्कॉटिश शैलीच मदतीला येते: तिथल्या त्रिकोणी भिंतींना बऱ्याचदा पायऱ्यांसारखी कड असते. ही पायऱ्यांची भिंत छपरापेक्षा एक ठोकळा उंच ठेवली की फट तिच्यामागे झाकली जाते. दोन्ही मापांत ही युक्ती चालते.

दगडाच्या पोताचं मात्र तसं नाही. मोठ्या मापात खाचांचे १×२ ठोकळे (९८२८३) साध्या ठोकळ्यांत मिसळावेत, पाच-सहांत एक, ओळीने नव्हे तर विखरून. छोट्या मापात हे ठोकळे मुळीच वापरू नका. १:२०० ला १×२ ठोकळा ३.२ मीटर लांबीचा दगड दाखवतो, त्यामुळे भिंत ओबडधोबड ढिगासारखी दिसते. तिथे गुळगुळीत टॅन (वाळूच्या रंगाची) भिंत, मोजक्या डार्क टॅन प्लेट्स आणि उलटे फिरवलेले १×१ चे हेडलाइट ठोकळे (४०७०) घ्या. त्यांच्या पाठीचं चौकोनी भोक १:२०० ला एक मीटरची खिडकी होतं, आणि आत काळे ठोकळे भरले की खिडकी खोल दिसते.

मग कोणी काय घ्यावं

दुरून पाहणाऱ्याला वास्तू ओळखू यावी असं वाटत असेल तर छोटं माप घ्या. छपरांची गर्दी, बुरुजांची उंची-सखल रेषा यातच आर्ड्रॉसची ओळख आहे आणि ती पूर्ण आराखड्याशिवाय येत नाही. खेळातला प्रसंग मांडायचा असेल, मुलं खुर्च्यांवरून माणसं उचलून ‘बाहेर’ काढणार असतील, तर मिनीफिगर. चाहत्यांची मॉडेलं संचासाठी सुचवण्याच्या लेगो आयडियाज या संकेतस्थळावर मॉडेल टाकून १०,००० पाठिंबे मिळवायचा विचार असला तरी हेच माप बरं: आतला प्रसंग पहिल्याच चित्रात कळतो. दोन्ही मापं एकाच पायावर आणू नका. मिनीफिगरच्या शेजारी नखाएवढा दरवाजा आला की दोन्ही खोटे वाटतात. दोन्ही हवेच असतील तर दोन वेगळे पाट करा.

भारतीय आवृत्ती पाहिलेल्यांना तिसरीही वाट आहे. करण जोहरचा ‘द ट्रेटर्स’ जून २०२५ मध्ये प्राइम व्हिडिओवर आला, आणि तो जैसलमेरच्या सूर्यगढ हॉटेलमध्ये चित्रित झाला. तिथे तीव्र उताराच्या छपरांची आणि शंकूंची कटकट नाही, आणि पिवळसर दगडाला टॅन रंग चपखल बसतो. पहिल्यांदाच स्वतःची रचना करणाऱ्याने इथून सुरुवात करावी.

कोणतंही माप घ्या, आधी ब्रिकलिंक या लेगोच्या सुट्या भागांच्या ऑनलाइन बाजाराच्या ‘स्टुडिओ’ या मोफत प्रोग्राममध्ये संगणकावर सगळं उभं करा. पडद्यावर हवा तो भाग हव्या त्या रंगात मिळतो, पण प्रत्यक्षात तो त्या रंगात निघालेला असेलच असं नाही. डार्क टॅनमध्ये ही अडचण टॅनपेक्षा जास्त येते. म्हणून मागणी नोंदवण्याआधी भागांची यादी रंगानुसार तपासा, आणि एखादा भाग एकाच विक्रेत्याकडे दिसत असेल तर त्या जागेची रचनाच बदला. परदेशातून एका भागासाठी वेगळं पार्सल मागवलं तर टपाल आणि सीमाशुल्क भागाच्या किमतीच्या कितीतरी पट होतं.