गुळाचा एक हंगाम नाल्ट्रेक्सोनवर: माझा अनुभव

फायब्रोमायल्जियासाठी, म्हणजे अंगभर सतत दुखत राहण्याच्या आजारासाठी, कमी डोसचं नाल्ट्रेक्सोन, म्हणजे पेशंट मंडळी ज्याला एलडीएन म्हणतात ते, मी गेल्या दिवाळीच्या आधीपासून घेते आहे. गुण आला का, ते सांगतेच. पण मला सगळ्यात जास्त विचारतात ते वेगळंच: "आधीच्या दुखण्याच्या गोळ्या चालू ठेवून हे घेता येतं का?" गोळी कुठली आहे, यावर सगळं अवलंबून आहे.

नाल्ट्रेक्सोन हे मुळात अफूवर्गातल्या औषधांना अडवणारं औषध. त्याची ५० मिलिग्रॅमची गोळी अमेरिकेत १९८४ साली अफू-हेरॉइनच्या व्यसनासाठी मंजूर झाली, १९९४ साली दारूसाठी. दुखण्यासाठी देतात ते साधारण १.५ ते ४.५ मिलिग्रॅम, आणि त्याला अधिकृत मंजुरी नाही. डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देतात. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फिन ही अफूवर्गातली औषधं ज्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवरच्या ज्या जागेला चिकटून, काम करतात, तिथेच हे जाऊन बसतं. अंगाला त्या औषधांची सवय असताना हे घेतलं तर घाम, उलट्या, जुलाब, जिवाची तगमग असं सगळं एकदम सुरू होऊ शकतं.

मी ट्रामाडॉलवर होते. मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात हिशेबाला बसते. सौदे सुरू झाले की तासन्तास खुर्ची सुटत नाही आणि मान-खांदे पेटतात. माझ्या गोळीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत फक्त कंपनीचं नाव. खाली बारीक अक्षरांत ट्रामाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५. आमच्या घरात सगळे तिला "पॅरासिटामॉलची स्ट्राँग गोळी"च म्हणायचे! म्हणून सांगते, घरातलं प्रत्येक पाकीट उलटून बघा. खोकल्याच्या औषधातलं कोडीनही त्याच वर्गातलं.

डॉक्टरांनी ट्रामाडॉल एकदम तोडलं नाही, हळूहळू उतरवलं. पूर्ण बंद झाल्यावर निदान सात ते दहा दिवस मोकळे जावे लागतात; मला त्यांनी त्याहून जास्त थांबवलं. तो काळ फार वाईट गेला. नुसत्या पॅरासिटामॉलवर, रात्री पाय कुठे ठेवावेत कळेना. सासूबाई गरम पाण्याची पिशवी घेऊन बसायच्या. पण तिथे घाई करू नका, मी हात जोडून सांगते.

एवढ्या कमी ताकदीची गोळी कोल्हापुरात मला कुठल्या मेडिकलमध्ये मिळाली नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ५० ची गोळी ५० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायची, म्हणजे एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम. बाटली फ्रीजमध्ये, घ्यायच्या आधी नीट हलवायची आणि सुई नसलेल्या सिरिंजने मोजायचं. अर्ध्या मिलिग्रॅमपासून सुरुवात केली. साडेचारपर्यंत गेले तेव्हा झोप उडाली आणि स्वप्नं इतकी स्पष्ट पडायला लागली की पहाटे दमून उठायची. डॉक्टरांनी तीनवर आणलं, तिथे बसलं.

पहिले दोन महिने काहीच फरक नाही. मग सकाळचा जडपणा कमी झाला. दुखणं आहेच, पण पूर्वी सौद्यानंतरचा दिवस अंथरुणात जायचा, तो आता जात नाही. माझ्यासाठी हे मोठं आहे. तरी खोटी आशा लावणार नाही: स्टॅनफर्डच्या २०१३ च्या छोट्या अभ्यासात ३१ बायकांना ४.५ मिलिग्रॅम दिलं, त्यात फायदा दिसला. डेन्मार्कमध्ये नंतर ९९ बायकांपैकी साधारण निम्म्यांना १२ आठवडे ६ मिलिग्रॅम दिलं आणि बाकीच्यांना औषध नसलेली नकली गोळी, तिथे दुखण्यात त्या नकली गोळीपेक्षा ठोस फरक निघाला नाही. फायब्रोमायल्जियासाठीचीच माझी दुसरी गोळी, ड्युलोक्सेटिन, तशीच चालू आहे, जास्त दुखलं तर पॅरासिटामॉल. ही दोन्ही त्या रिसेप्टरवर काम करत नाहीत, म्हणून माझ्या डॉक्टरांनी ठेवली.

काही जण रात्री एलडीएन आणि दिवसा ट्रामाडॉल असं तासांचं अंतर ठेवून घेतात, आणि जमतं म्हणतात. काही डॉक्टर अफूवर्गाच्या औषधाबरोबर नाल्ट्रेक्सोन देऊन बघतात हेही खरं, पण ते मायक्रोग्रॅममध्ये. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. त्यांचं वाचून आपली सिरिंज भरणं हा जिवाशी खेळ आहे.

शेजारच्या वहिनींनी त्यांच्या कॅन्सरच्या मामांसाठी माझ्याकडे थोडं मागितलं होतं. मामा मॉर्फिनवर आहेत. "वहिनी, त्यांना याचा थेंबसुद्धा देऊ नका, आहे तो आधारही जाईल," असं मी स्पष्ट सांगितलं आणि त्यांना त्यांच्या डॉक्टरांशी बोलायला लावलं.

दाढ काढली तेव्हा दातांच्या डॉक्टरांनी सवयीने ट्रामाडॉलचीच जोडगोळी लिहिली. मी नाल्ट्रेक्सोनचं सांगितल्यावर लगेच बदलून आयबुप्रोफेन दिली. तेव्हापासून पर्समध्ये आधार कार्डाच्या मागे चिठ्ठी ठेवली आहे: औषधाचं नाव, डोस, डॉक्टरांचा नंबर. अपघात झाला तर बोलायला आपण शुद्धीवर असूच असं नाही.

आता पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं आहे. भूलतज्ज्ञांना आधीच जाऊन भेटले. नाल्ट्रेक्सोन कधी बंद करायचं ते त्यांनी लिहून दिलं. परत सुरू कधी, ते ऑपरेशननंतर कुठली वेदनाशामकं लागतात त्यावर ठरेल. तो अनुभव यालाच जोडून लिहीन.