लाकडी मुठीचा घडीचा चाकू: होळीपासून मृगापर्यंत

होळीच्या आधी घेतला, आता मृग लागलाय. आम्ही परतवाड्याकडचे. सुट्टीत पोरं गावी आली की कधी वावरात, कधी धरणाच्या काठी रोडगे आणि वांग्याच्या भाजीचा बेत ठरतो. या उन्हाळ्यात अशा प्रत्येक बेताला हा चाकू खिशात होता. पातं साडेआठ सेंटिमीटरचं, कार्बन स्टीलचं. मूठ बीचच्या लाकडाची आणि मानेशी फिरणारी लोखंडी कडी. ही कडी ओपिनेल या फ्रेंच चाकू कंपनीने १९५५ साली आणली. माझा चाकू त्याच घाटाचा, पण दुसऱ्या कुणी बनवलेला.

कडीसाठीच घेतला. आधीचा जत्रेतला चाकू पळसाची फांदी तासताना बोटावर मिटला होता, त्याचा वण अजून आहे. इथे कडी फिरवली की पातं मिटत नाही. पोरांना मी आधी कडी लावायला शिकवलं, कापायला नंतर.

वांगी, कांदे, सांभार (कोथिंबीर) यासाठी हात लावू तिथे चालतो. टरबुजाला मात्र अपुरा पडतो. चौफेर चीर देऊन हातानेच फोडावं लागतं. वर तो गोड रस मुठीच्या खाचेत उतरतो. एकदा न धुता तसाच मिटून ठेवला, तर सकाळी खाचेतून मुंग्यांची रांग निघाली. तेव्हापासून काडीला चिंधी गुंडाळून खाच पुसतो आणि पातं कोरडं झाल्यावरच मिटतो.

कैरीने पहिल्याच दिवशी पातं निळसर काळं पडलं, फोडींना लोखंडाची चव आली. घाबरलो होतो. पंधरा दिवसांत तो रंग सगळीकडे बसला आणि चवही गेली. हा काळा डाग घासून काढू नका, तो पात्याला सांभाळतो. लाल गंज दिसला तर मात्र लगेच काढा आणि खोबरेलाचा हात फिरवा. धार घरच्या दगडावर पाणी टाकून लावा. बाजारातल्या फिरत्या चाकावर पातं तापून निळं झालं की त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं, मग धार टिकत नाही.

खरी तक्रार लाकडाची. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५च्या वर गेला, तेव्हा मूठ सुकून पातं खुळखुळायला लागलं. मोटारसायकलच्या डिकीत ठेवायची चूकही माझीच. मामा म्हणाले, "कुऱ्हाडीच्या दांड्याले जवसाचं तेल लावतेत, याले लावून पाह्य." घाणीचं तेल आणून तीन दिवस रोज पातळ हात दिला, खुळखुळ बरीच कमी झाली. पण बिजागरीत ते जाऊ देऊ नका, वाळलं की चिकटतं. आणि तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. पसरून वाळवा.

ज्याला एवढं जपणं जमणार नाही, त्याने स्टेनलेस पात्याचा, प्लास्टिक मुठीचा घ्यावा. मी हाच ठेवणार.

परवाच्या पहिल्या सरीत खिशात भिजला आणि मूठ फुगून पातं नखाने निघेना. कडी मोकळी करून मुठीचं बूड ओट्यावर हलकं आपटलं, तशी पात्याची पाठ बोटभर वर आली. तेलाचा पुढचा हात आता मूठ वाळली की.