जुन्या फळ्यांतून जोडलेला कोरीव ओकचा बाक : वर्षभर वापरल्यानंतर

यॉर्कशायरमधल्या आमच्या घरी दाराशी ओकचा कोरीव सेटल आहे. सेटल म्हणजे उंच पाठीचा बाक, बैठकीखाली पेटी असलेला. लिलावाच्या यादीत स्वच्छ लिहिलं होतं : जुने भाग वापरून 19व्या शतकात जोडलेला. त्या काळी इंग्लंडमध्ये अशा सामानाची चलती होती. लंडनच्या वॉर्डर स्ट्रीटवरचे व्यापारी जुन्या पेट्या, पलंग, चर्चमधलं कोरीवकाम यांतून नवी कपाटं नि बाक बांधवून घेत. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर युरोपातल्या मठांतलं लाकूडही इकडे येत राहिलं.

आमच्या बाकाच्या पाठीवर अर्धवर्तुळांची नक्षी आहे आणि कडेचं अर्धवर्तुळ मधेच कापलंय. फळी मुळात लांब होती. एका खांबाला खुंट्यांची भोकं आहेत, पण तिथे सांधाच नाही. तळाच्या फळीवर कमानदार ओरखडे दिसतात, ते गोल करवतीचे. हातकरवतीच्या खुणा सरळ असतात, तेव्हा हा तळ नंतरचाच.

बूट घालायला याच्यासारखी जागा नाही. निवांत वाचत बसायचं असेल तर मात्र पाठीला उशी हवीच, कोरीवकाम मणक्याला टोचतं. हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं आणि लाकूड आक्रसलं. पाठीच्या जुन्या फळ्या चौकटीच्या खाचेत मोकळ्या बसवल्यात, त्यांना काही झालं नाही. बैठकीची फळी मात्र खिळ्यांनी जखडलेली, तिला लांबलचक चीर गेली. आता बाक रेडिएटरपासून लांब ठेवलाय.

पेटीत गोधड्या ठेवते, तेही मलमलीत गुंडाळून. ओकमधून आम्लाची वाफ निघत राहते आणि लाकडाला टेकलेलं कापड डागाळतं, त्यामुळे पैठणी इथे ठेवू नका. ओलं लोखंडही नको. ओकमधल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे लाकडावर काळा डाग पडतो.

किडीची भोकं आहेत, पण जुनी. तरी उन्हाळाभर खाली काळा कागद पसरून ठेवला होता. ताजी भुकटी पडली असती तर कीड जिवंत आहे हे कळलं असतं. पडली नाही. निगा म्हणजे अधूनमधून मधमाशीच्या मेणाचा पातळ हात, बस्स.

'हे अस्सल नव्हे' म्हणून नाक मुरडणारे भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. पाठीवरचे छिन्नीचे घाव जुन्याच हातांचे आहेत आणि मी पैसे जोडकामाच्या भावानेच मोजले. घ्यायचा असेल तर बिनधास्त घ्या, फक्त बाकावर कोरलेल्या वर्षाच्या आकड्यावर विसंबून जास्त पैसे देऊ नका; असे आकडे पुष्कळदा मागाहून कोरलेले असतात. आधी बाक उलटा करून तळ बघा.