पिक्सेल ९ए : सात वर्षांचे आश्वासन आणि बॅटरीचा हिशेब

गूगलचा पिक्सेल ९ए हा फोन एप्रिल २०२५मध्ये भारतात ४९,९९९ रुपयांना विक्रीस आला. त्याच्या जाहिरातींमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचा गाजावाजा पुष्कळ झाला. परंतु ह्या फोनची खरी जमेची बाजू मला दुसरीच वाटते. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या आणि सुरक्षाविषयक अपडेट सात वर्षे, म्हणजे एप्रिल २०३२पर्यंत देण्याचे आश्वासन कंपनीने दिले आहे. पन्नास हजारांच्या आसपास खर्च करणाऱ्या कुटुंबाने रॅम आणि मेगापिक्सेलच्या आधी हीच गोष्ट विचारली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. पडदा शाबूत असतो, कॅमेरा चालू असतो, तरीही जुन्या आवृत्तीवर अडकलेला फोन हळूहळू कामातून जातो. १ जानेवारी २०२५पासून व्हॉट्सॲपने अँड्रॉइडच्या किटकॅट ह्या जुन्या आवृत्तीवर चालणारे फोन वगळले, आणि बँकांची ॲपही ठरावीक काळाने जुन्या आवृत्त्यांकडे पाठ फिरवतात. पेन्शन, गॅसचे बुकिंग, शेतमालाचे पैसे असे सगळेच व्यवहार ज्या यंत्रावर होतात, त्याला सुरक्षा अपडेट मिळणे बंद होणे ही साधी बाब नव्हे.

आता ह्या आश्वासनाची दुसरी बाजू पाहू, कारण दुकानात ती कोणी सांगत नाही. ह्या फोनमध्ये ५१०० एमएएच क्षमतेची बॅटरी आहे आणि तिच्यासोबत ‘बॅटरी हेल्थ असिस्टन्स’ नावाची एक व्यवस्था आहे. चार्जिंगची २०० आवर्तने झाली की ही व्यवस्था बॅटरीचा कमाल व्होल्टेज टप्प्याटप्प्याने कमी करू लागते आणि १००० आवर्तनांपर्यंत हे चालू राहते. हेतू चांगला आहे. जुनी होत जाणारी लिथियम-आयन बॅटरी पूर्ण दाबाने भरली तर ती फुगण्याचा किंवा तापण्याचा धोका वाढतो. मात्र ह्याचा परिणाम म्हणून एका चार्जमध्ये मिळणारा वेळ हळूहळू घटतो, आणि ९ए ह्या मॉडेलमध्ये ही व्यवस्था बंद करण्याची सोय ग्राहकाला दिलेली नाही. आवर्तन म्हणजे शून्यापासून शंभर टक्क्यांइतके चार्जिंग. आज पन्नास टक्के आणि उद्या पन्नास टक्के भरले तर ते एकच आवर्तन धरले जाते. रोज पूर्ण बॅटरी संपवणाऱ्या माणसाची २०० आवर्तने सात महिन्यांच्या आतच होतील आणि १००० आवर्तने पावणेतीन वर्षांत. सॉफ्टवेअरचे आश्वासन सात वर्षांचे असले, तरी मधल्या काळात निदान एकदा बॅटरी बदलण्याची तयारी ठेवूनच हा फोन घ्यावा. सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याचा पर्याय आहे. ज्यांचा दिवस घरी किंवा कार्यालयात जातो त्यांनी तो पहिल्याच दिवशी चालू करावा. बॅटरी मोठी असल्यामुळे एवढ्यावरही सामान्य वापराचा दिवस निभावतो.

हातात घेतल्यावर हा फोन हलका वाटतो. १८६ ग्रॅम वजन आणि ६.३ इंचांचा पडदा हा मेळ आता दुर्मीळ होत चालला आहे. पाठ प्लॅस्टिकची असली तरी चकचकीत नाही, मॅट आहे, आणि कॅमेरे पाठीशी जवळजवळ सपाट बसवलेले असल्याने टेबलावर ठेवून टाइप करताना फोन डुगडुगत नाही. पडद्याची कमाल तेजस्विता २७०० निट्स (प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) सांगितलेली आहे, आणि भर उन्हात क्यूआर कोड स्कॅन करताना डोळ्यांवर हाताचा आडोसा धरावा लागत नाही. पडद्याभोवतीची काळी चौकट जाड आहे. त्याने माझे काही अडले नाही. अडते ते काचेपाशी. २०१३मध्ये आलेली गोरिला ग्लास ३ ही काच २०२५च्या ह्या किमतीच्या फोनला लावणे ही कंजुषी आहे. पाणी आणि धूळ यांपासून संरक्षणाचे आयपी६८ मानांकन मात्र आहे, आणि कोकणातल्या पावसाळ्यात त्याचे मोल कळते.

कॅमेऱ्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. मुख्य कॅमेरा ४८ मेगापिक्सेलचा आणि विस्तृत कोनाचा १३ मेगापिक्सेलचा आहे. दूरचे जवळ आणणारी वेगळी भिंग-रचना नाही. संख्या पाहता ह्यापेक्षा निम्म्या किमतीचे फोनही वरचढ वाटतील. परंतु हळदीच्या कार्यक्रमात, मांडवातल्या पिवळट दिव्यांखाली काढलेले फोटो पाहिले की फरक लक्षात येतो. सावळ्या गालावरची हळद पिवळीच दिसते आणि गाल सावळाच राहतो. माणसाची त्वचा जशी आहे तशी टिपण्यासाठी गूगलने २०२१च्या पिक्सेल ६पासून ‘रिअल टोन’ ह्या नावाने जे काम केले, त्याचे हे फळ आहे, आणि आपल्याकडे चेहरे परस्पर गोरे करून देणाऱ्या फोनांची सवय झालेली असल्यामुळे मला ते फार मोलाचे वाटते. अगदी जवळच्या वस्तूंचे फोटो घेण्याची मॅक्रो सोयही आहे. आंब्याच्या मोहरातली बारीक फुले सुटी सुटी दिसतात. पानाच्या मागे चिकटलेला मावा इतका स्पष्ट येतो की तो फोटो कृषी सेवा केंद्राला पाठवून औषध विचारता यावे. फोटो काढणाऱ्यालाही समूहात आणणारी ‘ॲड मी’ ही सोय दोन फोटो जोडून काम करते. माणसे स्थिर असतील तर जोड कळत नाही, मुले धावत असतील तर फसते. व्हिडिओतला वाऱ्याचा किंवा गर्दीचा आवाज कमी करणारी सोय स्नेहसंमेलनाच्या चित्रफितींसाठी उपयोगी आहे.

मराठीच्या बाबतीत दुकानदार जे दाखवतात त्याने हुरळून जाऊ नये. गूगलचे जेमिनी हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे ॲप जून २०२४पासून मराठीत आहे, त्याच्याशी तोंडी संवाद साधण्याची सोयही त्याच वर्षी मराठीत आणल्याचे जाहीर झाले, आणि जीबोर्ड ह्या गूगलच्या कीबोर्डवर देवनागरी कळा, रोमन अक्षरांतून टंकन, बोटाने लिहिणे व बोलून लिहिणे असे सगळे मार्ग आहेत. ‘ताऱ्यांना’, ‘ॲप’ असे शब्द नीट उमटतात. हे सर्व उत्तम आहे. पण ते बारा-पंधरा हजारांच्या अँड्रॉइड फोनवरही मिळते, त्यामुळे त्यासाठी इतके पैसे मोजण्याचे कारण नाही. उलट, ९ए मध्ये ८ जीबीच रॅम असल्यामुळे, इंटरनेटविना फोनवरच चालणाऱ्या जेमिनी नॅनो ह्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलची लहान आवृत्ती दिली आहे. पिक्सेल ९ मालिकेतल्या महागड्या फोनांवर असलेली स्क्रीनशॉटमधला मजकूर शोधून देणारे ॲप आणि कॉलवरच्या संभाषणाचा सारांश नोंदवणारी सोय इथे नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच हा फोन घेणाऱ्याने हे आधी जाणून घ्यावे.

खरेदीपूर्वी आणखी काही गोष्टी तपासाव्यात. ह्यात प्रत्यक्ष सिमकार्ड एकच बसते, दुसरे ई-सिम, म्हणजे कार्डाविना फोनमध्येच नोंदवले जाणारे सिम, असावे लागते. गावाकडच्या रेंजसाठी वेगळ्या कंपनीचे कार्ड बाळगणाऱ्यांनी ते ई-सिममध्ये बदलून मिळते का याची चौकशी करावी. मेमरी कार्डाची जागा नाही, पण भारतात २५६ जीबीचीच आवृत्ती आल्यामुळे ही उणीव बोचत नाही. चार्जर डब्यात येत नाही आणि चार्जिंगचा वेग २३ वॅटवरच थांबतो. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न दुरुस्तीचा आहे. मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला सेवा केंद्र गाठणे सोपे आहे. गडचिरोलीच्या किंवा उमरग्याच्या ग्राहकाने आपल्या जिल्ह्यात अधिकृत सोय आहे का हे पैसे भरण्यापूर्वी पाहावे, कारण सात वर्षांचा फोन म्हणजे सात वर्षांत कधीतरी पडदा फुटणारा फोन.

पर्यायांपैकी वनप्लस १३आर हा जानेवारी २०२५मध्ये ४२,९९९ रुपयांना आला. स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ प्रोसेसर, ६००० एमएएच बॅटरी आणि ८० वॅटचे चार्जिंग असल्यामुळे खेळ खेळणाऱ्यांनी आणि दिवसभर रस्त्यावर असणाऱ्यांनी तोच घ्यावा. पिक्सेल ९एमधला टेन्सर जी४ प्रोसेसर त्याच्या वेगाला पोहोचत नाही. सॅमसंगचा गॅलेक्सी ए५६ मार्च २०२५मध्ये ४१,९९९ रुपयांपासून आला आणि त्याला सहा वर्षांच्या अपडेटचे आश्वासन आहे. लहान गावांत सॅमसंगची सेवा अधिक पसरलेली असल्याने शहराबाहेरच्या वाचकांना मी आधी तो पाहण्यास सांगेन.

४९,९९९ रुपयांना सात वर्षांनी भागले तर वर्षाला ७,१५० रुपयांच्या आतबाहेर खर्च येतो, त्यात बॅटरी बदलण्याचा खर्च वेगळा. दर तीन वर्षांनी वीस हजारांचा फोन घेणाऱ्याचा खर्चही वर्षाला ६,७०० रुपयांच्या आसपास जातो. म्हणजे पिक्सेल ९ए स्वस्त पडत नाही. जवळपास तेवढ्याच पैशांत तो अधिक चांगला कॅमेरा देतो आणि डेटा, बँकेची ॲप व ओटीपी नव्या यंत्रावर हलवण्याचा त्रास एकदा तरी वाचवतो. घरातल्या ज्येष्ठांसाठी, किंवा माणसांचे फोटो ज्यांना मनापासून काढायचे असतात त्यांच्यासाठी मी हाच फोन सुचवेन, सेवा केंद्र जवळ असेल तर.