कयानी, धोबीतलाव: काय मागवावं, कधी जावं

मेट्रो सिनेमाच्या समोर, जेर महालाच्या तळमजल्यावर कयानी हे इराणी हॉटेल १९०४पासून आहे. मेट्रो त्यानंतरचं, १९३८चं. मरीन लाइन्सला पूर्वेकडे उतरलात की चालत पाच-सात मिनिटं. चौकाला नाव वासुदेव बळवंत फडक्यांचं, पण टॅक्सीवाल्याला 'मेट्रो' सांगा, लवकर पोहोचाल.

शनिवार-रविवारी दहानंतर जाऊ नका. फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते आणि इराण्याकडे निवांत बसण्यातली सगळी मजा जाते. आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी जा. खुर्ची रिकामी दिसली की बसायचं, टेबलावर आधीच कुणी असलं तरी चालतं. लाल-पांढऱ्या चौकटीच्या कापडावरची काच, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, काउंटरवर बिस्किटांच्या बरण्या: हे सगळं तेव्हाच नीट दिसतं.

या हॉटेलाचं गिऱ्हाईक कसं घडलं ते वर पाहिलं की कळतं. जेर महालात गोव्याच्या गावांचे क्लब आहेत, ज्यांना कूड म्हणतात. बोटीवर चढणारे खलाशी, नोकरी शोधायला आलेले गाववाले तिथे ट्रंक टेकवून राहायचे. जवळच झेवियर्स कॉलेज. स्वस्तात पोट भरणारं आणि उठवून न लावणारं ठिकाण या दोघांनाही हवंच होतं.

आता खाणं. बन मस्का आणि ब्रून मस्का यांत गल्लत करू नका. बन मऊ, किंचित गोड. ब्रून वरून कडक, आतून पोकळसर, गोडवा जवळजवळ नाही. चहात बुडवायला ब्रूनच घ्यावा, बन लगेच लोळागोळा होऊन कपात उतरतो. ब्रूनही दोन-तीन सेकंदच, कवच भिजलं आणि मस्का वितळायला लागला की बाहेर. चहा गोडच असतो. कडक हवा तर मागवतानाच 'पानी कम' म्हणा.

अकुरी आली की आधी तीच खा. कांदा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर घातलेली ही अंडी ओलसरच हवीत. गप्पांत ताट ठेवलंत तर अंडी स्वतःच्याच उष्णतेने आवळतात, खाली पाणी सुटतं आणि उरते साधी भुर्जी. खिमा-पाव भरपेट आहे, दोघांत एक पुरतो. रास्पबेरी सोडा मात्र रंगासाठीच. चवीला नुसती साखर. शेवट करायचाच तर कॅरमल कस्टर्डने करा.

घरी न्यायचं असेल तर मावा केक त्याच दिवशी संपवा. फ्रिजमध्ये मावा आणि लोणी घट्ट होऊन केक कोरडा लागतो. ठेवलाच तर खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. ब्रून प्लास्टिकच्या पिशवीत मुळीच नको: वाफ कोंडते आणि दोन तासांत कवच चामड्यासारखं होतं. कागदात गुंडाळून न्या. पावसाळ्यात खारी सादळतेच, मंद तव्यावर झाकण न ठेवता तीन-चार मिनिटं शेकली की पापुद्रे परत सुटतात.

जागाच मिळाली नाही तर जवळच ससानियन आहे, १९१३चं. दारात ताटकळण्यापेक्षा तिकडे वळा.