एमएस-२०, रॅट आणि दोन अॅम्प : दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या वर्षी गणपती संपल्यावर माझ्या एका गिटारवादक मित्राने आणि मी ठरवले की, ड्रमर न शोधता दोघांनीच जड इलेक्ट्रॉनिक संगीत करायचे. तालासाठी ड्रम मशीन, खालच्या स्वरांसाठी सिंथेसायझर आणि त्यांच्या जोडीला नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावलेली गिटार. आमच्यापुढे आदर्श होता तो १९८८ साली बर्मिंगहॅममध्ये सुरू झालेल्या गॉडफ्लेशचा, ज्यांनी ड्रमरच्या जागी मशीन ठेवले आणि तरीही बहुतेक मेटल बँडपेक्षा अधिक जड आवाज उभा केला. तेव्हापासून आजपर्यंत पुण्यातल्या एका जॅमरूममध्ये आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी सुमारे तीन तास, आम्ही पुढे दिलेली सामग्री वापरली आहे : कॉर्ग एमएस-२० मिनी हा सिंथ, प्रो-को रॅट आणि बॉस एचएम-२डब्ल्यू हे डिस्टॉर्शनचे, म्हणजे आवाज खरखरीत करणारे, पेडल, बॉस एलएस-२ हा एकच आवाज दोन वाटांनी पाठवणारा लाइन सिलेक्टर, जुना पीव्ही बँडिट ११२ हा गिटार अॅम्प आणि नंतर घेतलेला फेंडर रंबल ४० हा बास अॅम्प.

खरेदीचा क्रम आमचा चुकला, आणि बहुतेकांचा तो असाच चुकतो असे मला वाटते. आम्ही आधी सिंथ निवडला, मग पेडल निवडले, आणि अॅम्पचा विचार सर्वांत शेवटी केला. किंबहुना केलाच नाही, कारण मित्राकडे बँडिट आधीपासून होता आणि त्यालाच सिंथ जोडू असे आम्ही गृहीत धरले. घरी हेडफोनवर एमएस-२० चा खालचा सा छातीत बसत असे. तोच स्वर जॅमरूममध्ये बँडिटमधून वाजवला तेव्हा समोरून एक पातळ, नाकातला घरघराट आला. आवाज वाढवला तर घरघराट वाढला, वजन आले नाही. सिंथमध्ये बिघाड आहे की काय, अशी शंका घेऊन मी दोन आठवडे वायरी बदलत बसलो होतो.

बिघाड कशातच नव्हता. गिटारच्या अॅम्पमधला बारा इंची स्पीकर गिटारसाठीच घडवलेला असतो. सेलेशनचा व्हिंटेज ३० हा या वर्गातला सर्वांत परिचित स्पीकर. त्याची मर्यादा कंपनी स्वतःच सुमारे ७० हर्ट्झ ते ५ किलोहर्ट्झ अशी देते, आणि बँडिटमधला स्पीकर वेगळा असला तरी त्याचा स्वभाव याच जातीचा आहे. गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या जुळणीत ८२ हर्ट्झवर असते, आमच्यासारखी सी पर्यंत उतरवली तर ६५ हर्ट्झवर. सिंथवर आम्ही त्याच्याही एक सप्तक खाली, म्हणजे ३२.७ हर्ट्झवर वाजवत होतो. तो मूळ स्वर या स्पीकरमधून जवळजवळ बाहेर येतच नव्हता; आम्ही ऐकत होतो ते त्याचे वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वराच्या पटींतले स्वर. शिवाय स्पीकरचे काम एवढ्यावर संपत नाही. पाच किलोहर्ट्झच्या वरचे तो दाबून टाकतो म्हणूनच डिस्टॉर्शन कानाला सुसह्य होते. हाच रॅट लावलेला सिंथ आम्ही एकदा जॅमरूमच्या पीएला, म्हणजे मोठ्या स्पीकरच्या यंत्रणेला, थेट जोडून पाहिला, तेव्हा खाली भरपूर वजन होते पण वर मधमाश्यांचे मोहोळ उठल्यासारखा कर्कश थर पसरला होता. गिटारचा स्पीकर स्वतःच एक फिल्टर आहे, आणि डिस्टॉर्शनला त्याची गरज असते. खालच्या स्वरांना मात्र तो नको असतो. हे कळल्यानंतर आमच्या साऱ्या मांडणीची दिशाच बदलली.

आता सिंथचा आवाज आधी एलएस-२ मध्ये जातो. तिथे दोन्ही मार्ग एकत्र चालू राहतील अशा पद्धतीवर बटण ठेवले की दोन्ही सेंडमधून, म्हणजे बाहेर जाणाऱ्या जोडण्यांमधून, तोच आवाज बाहेर पडतो. एका सेंडमधून तो रॅटकडे आणि पुढे बँडिटकडे जातो, तर दुसऱ्यातून कोणताही पेडल मध्ये न येता रंबल ४० कडे जातो. डिस्टॉर्शनमध्ये शिरलेला आवाज कितीही मोठा झाला तरी त्याचा तळ झिजतो. म्हणून तळाला स्वतःचा स्वच्छ रस्ता हवा. रंबल ४० हा चाळीस वॅटचा, दहा इंची स्पीकरचा आणि एका हाताने उचलता येईल इतका हलका अॅम्प आहे. त्यातूनही ३२ हर्ट्झ पूर्णपणे मिळतात असा दावा मी करणार नाही, पण ६५ हर्ट्झचा स्वरांश तो ठामपणे देतो, आणि वरचे स्वरांश नीट ऐकू आले की नसलेला मूळ स्वर कान आपोआप भरून घेतो. आमच्या आवाजात फरक पाडणारी सर्वांत मोठी खरेदी हीच ठरली, आणि ती आम्ही चार महिने उशिरा केली याची मला खरोखर हळहळ वाटते.

दोन अॅम्प एकाच सिंथला जोडले की दोन नवे प्रश्न उभे राहतात. पहिला गुणगुणीचा. दोन्ही अॅम्पचे अर्थिंग सिग्नलच्या वायरमधून एकमेकांना भेटते आणि वर्तुळ पूर्ण होते, मग आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेची आणि तिच्या पटींतली गुणगुण सतत ऐकू येत राहते. सिंथला यूएसबीने लॅपटॉप जोडला की त्यात किरकिरही मिसळते. जॅमरूममधल्या एकाने थ्री-पिनचा अर्थिंगचा पाय काढून टाकण्याचा सल्ला दिला होता. तो कोणीही मानू नये. जिवाशी खेळ आहे तो. आम्ही रंबलच्या मार्गावर ट्रान्सफॉर्मर असलेली आयसोलेशनची छोटी पेटी बसवली आणि गुणगुण तत्काळ गेली.

दुसरा प्रश्न फेजचा, म्हणजे दोन्ही स्पीकर एकाच वेळी एकाच दिशेने हलतात की नाही याचा, आणि तो शोधायला जास्त वेळ लागला. प्रत्येक अॅम्पसमोर स्वतंत्र उभे राहिले की आवाज भरदार वाटे, पण दोन्हींच्या मधोमध, जिथे ऐकणारा माणूस उभा राहणार, तिथे तळ नाहीसा होत असे. एका अॅम्पच्या स्पीकरचा पडदा पुढे ढकलत असताना दुसऱ्याचा मागे ओढत होता. त्या पेटीवर फेज उलटवण्याचे बटण होते. मित्राने ते दाबले, आणि खोलीच्या कोपऱ्यात कोणी हात न लावता उभ्या असलेल्या ड्रमसेटच्या स्नेअरच्या तारा झणझणू लागल्या. गेल्या दहा महिन्यांतला माझ्या सर्वांत आवडीचा क्षण तो आहे.

आता सिंथविषयी. मूळ एमएस-२० कॉर्गने १९७८ साली आणला. मिनी २०१३ साली आला आणि तो मूळच्या ८६ टक्के आकाराचा आहे. दोन ऑसिलेटर (स्वर निर्माण करणारे भाग), एका वेळी एकच स्वर, आणि हाय-पास (खालचा आवाज कापणारा) व लो-पास (वरचा आवाज कापणारा) असे दोन फिल्टर एकापाठोपाठ. प्रत्येकाला पीक नावाचे स्वतंत्र बटण आहे, आणि ते पुरेसे वर नेले की फिल्टर स्वतःच ओरडू लागतो. या ओरडण्यासाठीच लोक हा सिंथ घेतात हे खरे. पण माझ्या मते जड संगीतासाठी त्याचा खरा उपयोग हाय-पासमध्ये दडलेला आहे. हाय-पास म्हटले की तळ कापणारा फिल्टर असे आपण समजतो, आणि म्हणून सुरुवातीला मी त्याला हातच लावत नव्हतो. नंतर एका संध्याकाळी त्याचा पीक पाचाच्या आसपास ठेवून कटऑफ, म्हणजे कापण्याची सीमा, अगदी तळापासून केसागणिक वर नेत गेलो. सुरुवातीला काहीच घडले नाही, मग आवाज किंचित आक्रसला, आणि एका जागी पोचताच अचानक तो घट्ट आणि मुठीसारखा झाला. कटऑफच्या जागी पीकमुळे उंचवटा तयार होतो; तो उंचवटा दुसऱ्या स्वरांशावर आला होता, आणि त्याच्या खालचा, स्पीकरला पेलत नसलेला भाग छाटला गेला होता. कापल्यामुळे वजन वाढले. ड्रम मशीनच्या किकलाही (खालच्या जड ठोक्यालाही) तेवढी जागा मोकळी मिळाली, जी आधी दोघांच्या भांडणात जात होती.

त्रासही सांगितलेच पाहिजेत. या सिंथला स्मरणशक्ती नाही. प्रत्येक गाण्यासाठी बटणांच्या जागा मी फोनवर छायाचित्र काढून ठेवतो, आणि तरीही दोन वेळा तंतोतंत तोच आवाज येत नाही. चालू केल्यावर वीस मिनिटे तरी तापू द्यावा लागतो, नाहीतर पहिल्या गाण्यातच सूर सरकतो. बारीक पट्ट्यांची सवय व्हायला महिना गेला. पॅच पॅनेलच्या, म्हणजे वायरी जोडण्याच्या फळीच्या, पिना नाजूक आहेत आणि अंधारात चुकीच्या भोकात जातात.

मात्र एक सोय अशी आहे की तिच्यासाठी हे सगळे मी आनंदाने सोसतो. बाहेरचा आवाज आत घेण्याचा विभाग या सिंथमध्ये आहे. मित्राची गिटार पेडलमधून काढून आम्ही तिथे जोडतो. तिचा आवाज दोन्ही फिल्टरमधून जातो, गिटारच्या आघाताने एन्व्हेलप, म्हणजे आवाजाचा चढउतार, सुरू होते आणि एकेरी स्वर वाजवल्यास ऑसिलेटर गिटारच्या मागोमाग चालतात. कॉर्ड वाजवली की ही यंत्रणा गोंधळते आणि ऑसिलेटर भलतीकडे उड्या मारतात. तारा तळव्याने दाबून एकेक स्वर सावकाश वाजवला तर मात्र गिटार आणि सिंथ यांचा मिळून तिसराच प्राणी तयार होतो. आमच्या दोन गाण्यांचा पाया यावरच उभा आहे.

रॅटची निवड मी जाणीवपूर्वक केली आणि ती बरोबर ठरली. १९७० च्या दशकाच्या शेवटापासून मिशिगनमध्ये तयार होऊ लागलेल्या या पेडलला तीनच बटणे आहेत, आणि त्यांतले फिल्टरचे बटण उलटे चालते : उजवीकडे फिरवावे तसा वरचा आवाज कमी होतो. सिंथच्या तिखट टोकांसाठी हे बटण वरदान आहे. पेडल गिटारच्या क्षीण सिग्नलसाठी बनवलेला असतो आणि सिंथचा सिग्नल त्याहून कितीतरी जोरकस, म्हणून सिंथचा व्हॉल्यूम घड्याळातल्या नऊच्या जागेवर ठेवावा. त्यापुढे गेल्यास सर्व काही एकसारख्या भिंतीत बदलते आणि फिल्टर फिरवलेला कळत नाही. ऑसिलेटरच्या लहरीची निवडही महत्त्वाची आहे. चौकोनी लहर आधीच छाटल्यासारखी सपाट असते, त्यामुळे एकटी वाजवल्यास डिस्टॉर्शन तिच्यात फारशी भर घालू शकत नाही. त्रिकोणी लहर मात्र रॅटमध्ये शिरताच उमलते. दोन ऑसिलेटरमध्ये सा-प चे अंतर ठेवून पाहावे : ६५ आणि ९८ हर्ट्झ डिस्टॉर्शनमध्ये एकत्र गेले की त्यांच्या फरकाचा, म्हणजे सुमारे ३३ हर्ट्झचा स्वर आपोआप निर्माण होतो, जो बरोबर एक सप्तक खालचा सा आहे. सा-ग चे अंतर ठेवले तर हाच नियम चिखल तयार करतो.

एचएम-२डब्ल्यू हा मित्राचा हट्ट होता. मूळ एचएम-२ बॉसने १९८३ ते १९९१ या काळात बनवला, स्टॉकहोमच्या एन्टूम्ड आणि डिसमेंबरसारख्या बँडनी त्याची चारही बटणे टोकाला नेऊन स्वीडिश डेथ मेटलचा आवाज घडवला, आणि २०२० मध्ये बॉसने तो नव्या रूपात परत आणला. गिटारवर तो अप्रतिम आहे, याबद्दल माझे दुमत नाही. सिंथवर मी तो तीन आठवडे वापरला आणि काढून टाकला. एक हजार हर्ट्झच्या आसपास तो जो करवतीसारखा उठाव देतो, तो गिटार आणि सिंथ दोघांनाही दिला की दोघेही एकाच जागेसाठी झगडतात आणि कोणीच ऐकू येत नाही.

सिंथच मुळात जड असावा लागतो, हा समज मला आता पटत नाही. रोलंडचा टीबी-३०३ हा १९८१ चा छोटासा बासचा डबा. वादक चरणजितसिंग यांनी १९८२ साली मुंबईत त्यावर रागांचे स्वर वाजवून ध्वनिमुद्रित केले, तेव्हा तो स्वच्छ आणि लवचीक वाजत होता. पुढे युरोपातल्या लोकांनी त्याच डब्याला डिस्टॉर्शन जोडले आणि तो भिंती हादरवू लागला. वाद्य तेच, पुढचा रस्ता वेगळा.

विजेच्या जोडणीकडे आम्ही दुर्लक्ष केले आणि त्याची किंमत मोजली. एमएस-२० मिनीचा अडॅप्टर ९ व्होल्टचा आहे आणि बहुतेक पेडलचाही ९ व्होल्टचाच, पिनही सारखीच बसते. पण सिंथच्या पिनेत मधला भाग धन आहे आणि पेडलच्या पिनेत ऋण. घाईत मी सिंथचा अडॅप्टर मित्राच्या डिले या प्रतिध्वनीच्या पेडलला लावला आणि तो कायमचा बंद पडला. आता सिंथच्या पिनेवर लाल चिकटपट्टी आहे. त्याचप्रमाणे सर्व पेडल एकाच स्वस्त अडॅप्टरवर साखळीने चालवण्याचा मोह टाळावा; ऑनलाइन मागवलेल्या तशा एका अडॅप्टरने प्रत्येक ध्वनिमुद्रणात शिट्टी मिसळली आणि विक्रेत्याने तो परत घेतला नाही. प्रत्येक वाट स्वतंत्र असलेला पॉवर सप्लाय घेतल्यावर ती शिट्टी थांबली.

सध्या पावसाळा आहे. जुलै लागताच बँडिटची बटणे फिरवताना खरखर येऊ लागली. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ती गेली. सिंथच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आहेत आणि त्या दर पंधरा दिवसांनी बदलतो.

जे आज सुरुवात करत आहेत त्यांनी पैशाचा पहिला वाटा खालच्या स्वरांच्या अॅम्पसाठी काढून ठेवावा, मग रॅटसारखा एक पेडल घ्यावा, आणि सिंथ उरलेल्या पैशांत येईल तो घ्यावा. दोन ऑसिलेटर आणि हाताने फिरवता येणारा फिल्टर असला तरी पुरे. पीव्ही ५१५० सारख्या व्हॉल्व्हच्या १२० वॅटच्या अॅम्पचे आकर्षण मलाही आहे, पण आमच्या आकाराच्या खोलीत त्याचा आवाज दोनाच्या पुढे नेता येणार नाही, आणि तेवढ्या पैशांत रंबलच्या जागी पंधरा इंची स्पीकरचा बास अॅम्प येईल. पुढची खरेदी तीच आहे. दिवाळीपर्यंत पैसे जमतील असा अंदाज आहे. तो आला की ३२.७ हर्ट्झचा सा पुन्हा एकदा त्याच खोलीत, त्याच स्नेअरसमोर वाजवून पाहणार आहे.