नाशिकच्या शालिमारजवळचं सनबोर्ड प्रिंटिंगचं दुकान, भागोजी नाईकांचे बोर्ड इथे केले

भाचीच्या शाळेत प्रदर्शन होतं, आपल्या जिल्ह्यातले क्रांतिकारक असा विषय, म्हणून १८५७ ला इंग्रजांशी लढलेल्या भागोजी नाईकांवर दोन बाय तीनचे सहा सनबोर्ड करायचे ठरवले. आधी ज्या दुकानात गेलो तिथल्या ऑपरेटरने नेटवरून कुठलातरी फेटेवाला मिशाळ चेहरा उचलला आणि खाली भागोजींचं नाव टाकून मोकळा झाला. मला राग आला. त्यांचा खरा म्हणावा असा एकही फोटो मला मिळाला नव्हता, मग भलत्याचाच चेहरा पोरांना का दाखवायचा?

शालिमारजवळच्या या दुकानात दादांनी आधी सगळा मजकूर वाचला. मग म्हणाले, चेहरा नाही ना, मग नकाशा करू, नांदूर शिंगोट्यावरून तर आपण सगळेच पुण्याला जातो.

आणि खरंच सगळी लढाई त्या नकाशात बसली हो. भागोजी आधी नगरच्या पोलिसात अधिकारी होते, १८५५ मध्ये दंगा केला, पोलिसांना अडवलं म्हणून तुरुंगात गेले, सुटले, आणि १८५७ ला इंग्रजांनी हत्यारं जमा करायचा हुकूम काढला तसे आपलं गाव नांदूर शिंगोटे सोडून पन्नासेक भिल्लांना घेऊन नाशिक-पुणे रस्ता टप्प्यात राहील अशा जागी जाऊन बसले. ४ ऑक्टोबरला त्यांच्यावर चालून आलेला पोलीस सुपरिंटेंडंट लेफ्टनंट हेन्री तिथेच मारला गेला. दोन आठवड्यांत अकोले तालुक्यात समशेरपूरच्या डोंगरात परत चकमक. इंग्रजांना कोळ्यांची वेगळी पलटण उभारावी लागली, तरी दोन वर्षं हे हाती लागले नाहीत! ११ नोव्हेंबर १८५९ ला सिन्नर तालुक्यातच, मिठसागरला, फ्रँक सूटरच्या तुकडीशी लढताना गेले. घरापासून लांब नाहीच. हे मला नकाशा बघेपर्यंत जाणवलंच नव्हतं.

प्रिंट एकदम क्लिअर, मॅट लॅमिनेशनमुळे ट्यूबलाइट चमकत नाही, मागच्या बाकावरूनही तारखा वाचता येतात. प्रूफमध्ये 'शिंगोटे'चं 'शिंगटे' झालेलं, ते त्यांनीच पकडलं. डिझाईन धरून २७०० घेतले, नकाशाचे वेगळे नाहीत. एक दिवस उशीर झाला आणि गाडी लावायला जागा अजिबात नाही, एवढं सोडलं तर तक्रार नाही.

फाइल त्यांच्याकडे ठेवायला सांगितलीय, कुठल्या शाळेला हवी असेल तर 'भागोजींचा नकाशा' म्हणून मागा, फक्त प्रिंटचे पैसे द्यायचे.